फ्लीस जॅकेट

फ्लीस जॅकेट हे पॉलिएस्टरच्या तंतूंपासून तयार केलेल्या मऊ, लवदार कापडाचे, थंडीत वापरले जाणारे वस्त्र आहे. या कापडाला पोलर फ्लीस असेही म्हणतात. वजनाने हलके, स्पर्शाला मऊ, भिजले तरी लवकर वाळणारे आणि तुलनेने स्वस्त असल्यामुळे गिर्यारोहकांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वत्र त्याचा प्रसार झाला. मात्र हे कापड वारा अडवत नाही, ठिणगी पडताच वितळते आणि धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडते. हे गुण आणि दोष वेगवेगळ्या कारणांनी आलेले नाहीत. पाणी न शोषणारे बारीक प्लास्टिकचे तंतू मोकळे फुलवून त्यांच्यामध्ये हवा अडकवायची, या एकाच रचनेतून बहुतेक सारे निघतात. त्यामुळे फ्लीस चांगले की वाईट यापेक्षा ते कोणत्या थंडीत आणि कोणत्या कपड्यासोबत घातले आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

नाव आणि प्रकार

इंग्रजीत ‘फ्लीस’ म्हणजे मेंढीच्या अंगावरून एका कातरणीत निघणारी लोकर. आजच्या फ्लीस कापडात बहुधा लोकरीचा अंशही नसतो. केवळ दिसण्यातील आणि स्पर्शातील साधर्म्यामुळे हे नाव रूढ झाले. भारतीय बाजारात हे जॅकेट काही वेळा ‘लोकरीचे’ म्हणूनही विकले जाते, ते खरे नव्हे.

याहून मोठा घोटाळा ‘कॉटन फ्लीस’ या नावामुळे होतो. स्वेटशर्ट आणि हुडी ज्या कापडाचे शिवतात, त्या आतून घासून मऊ केलेल्या सुती किंवा सुतीमिश्रित कापडालाही फ्लीसच म्हणतात. दोन्ही हाताला सारखीच उबदार लागतात, पण ओली झाल्यावर त्यांचे वागणे अगदी विरुद्ध असते. डोंगरात किंवा पावसाळी थंडीत जाणाऱ्याने कपड्याच्या आतील चिठ्ठीवर पॉलिएस्टरचे प्रमाण पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

पॉलिएस्टर फ्लीसचे प्रकार मुख्यतः दर चौरस मीटर कापडाच्या वजनावरून ओळखले जातात. सुमारे १०० ग्रॅमचे पातळ कापड मायक्रोफ्लीस म्हणून शर्ट, हातमोजे आणि टोप्या यांसाठी वापरतात. सुमारे २०० ग्रॅमचे कापड नेहमीच्या जॅकेटांसाठी, तर ३०० ग्रॅमचे जाड कापड कडक थंडीसाठी वापरले जाते. मेंढीच्या कुरळ्या लोकरीसारखा पृष्ठभाग असलेल्या प्रकाराला शेर्पा फ्लीस म्हणतात.

कापडाची घडण

फ्लीसचा मूळ पदार्थ पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या ज्याच्या बनतात तेच प्लास्टिक. त्यापासून वस्त्रतंतू काढण्याचा शोध जॉन रेक्स विनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लावला. हा तंतू तेथे टेरिलीन या नावाने बाजारात आला. भारतात ‘टेरिकॉट’ आणि ‘टेरिलीन’ हे शब्द घरोघरी पोहोचले, ते याच तंतूमुळे.

प्लास्टिकचे दाणे वितळवून सूक्ष्म छिद्रांतून दाबाने बाहेर काढले की लांब तंतू मिळतात. त्यांच्या धाग्यापासून कापड तयार करताना मागावर उभे-आडवे धागे घालत नाहीत. स्वेटर किंवा बनियन यांच्याप्रमाणे धाग्याचे फासे एकमेकांत गुंतवून ते यंत्रावर विणले जाते. टर्किश टॉवेलवर दिसतात तसे सुटे फासे त्याच्या पृष्ठभागावर ठेवलेले असतात. हे कापड मग बारीक तारांचे दात असलेल्या रुळांवरून फिरवतात. दात फाशांमधील तंतू ओढून वर काढतात आणि कापडावर दाट लव उभी राहते. शेवटी ही लव कातरून एका उंचीची केली जाते आणि तिचे गोळे होऊ नयेत म्हणून कापडावर प्रक्रिया केली जाते.

या कृतीत धाग्याची घट्ट वीण मुद्दाम सैल केली जाते. फ्लीसची ऊब तेथून येते, आणि पुढे धुलाईत सुटणारे तंतूही तेथूनच येतात.

इतिहास

कृत्रिम तंतूंच्या लवदार कापडाचे उबदार कपडे फ्लीसच्या आधीपासून होते. नॉर्वेतील हेली हॅन्सन या कंपनीने १९६१ मध्ये असे जाड कापड बाजारात आणले. समुद्रावर आणि ओल्या थंडीत काम करणाऱ्यांमध्ये ते लोकप्रिय झाले, कारण भिजलेले जाड सुती किंवा लोकरी कपडे अंगावर जड होत आणि वाळत नसत.

अमेरिकेतील गिर्यारोहक आणि पॅटागोनिया या कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी उत्तर अटलांटिकमधील मच्छीमारांचे कृत्रिम लवदार स्वेटर पाहून डोंगरासाठी तसेच काही करण्याचे ठरवले. कंपनीच्या स्वतःच्या इतिहासानुसार, त्यांच्या पत्नी मॅलिंडा शुइनार्ड यांना लॉस एंजेलिसच्या बाजारात हवे तसे कापड सापडले. ते शौचालयाच्या आसनावरील आच्छादनांसाठी बनवलेले होते. त्याचा उत्पादक होता मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स येथील मॉल्डन मिल्स हा कापड कारखाना. कृत्रिम फरच्या कोटांची मागणी कोसळल्याने तो त्या काळात अडचणीत आला होता. या पहिल्या कापडाची जॅकेटे उबदार होती, पण थोड्या वापरानंतर त्यांवर गोळे येत आणि ती ओबडधोबड दिसत.

मॉल्डन मिल्सने १९७९ च्या सुमारास पॉलिएस्टरपासून अधिक तलम आणि टिकाऊ असे ‘पोलारफ्लीस’ कापड विकसित केले. पॅटागोनियाने १९८५ मध्ये अशाच दुहेरी लवेच्या, गोळे न धरणाऱ्या कापडाला ‘सिंचिला’ हे नाव दिले. सिंथेटिक आणि चिंचिला या दोन शब्दांची ती जोड आहे. चिंचिला हा मऊ फरसाठी प्रसिद्ध असलेला दक्षिण अमेरिकेतील लहान प्राणी. मॉल्डन मिल्सने मूळ कापडाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे इतर कारखान्यांना तसे कापड बनवता आले, ते झपाट्याने स्वस्त झाले आणि काही वर्षांतच महागड्या गिर्यारोहण-साहित्याच्या दुकानांतून रस्त्यावरच्या बाजारांपर्यंत आले.

ज्या कारखान्यात या कापडाचा जन्म झाला, त्याची पुढील कहाणी व्यवसाय-नीतीच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवली जाते. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री मॉल्डन मिल्सला भीषण आग लागली. अनेक कामगार जखमी झाले आणि कारखान्याचा मोठा भाग जळाला. मालक ॲरन फ्युअरस्टीन तेव्हा सत्तरीत होते. विम्याचे पैसे घेऊन निवृत्त होणे किंवा स्वस्त मजुरीच्या देशात कारखाना हलवणे, हे दोन्ही मार्ग त्यांच्यासमोर होते. त्यांनी लॉरेन्समध्येच कारखाना पुन्हा उभारण्याचे जाहीर केले आणि काम बंद असतानाही कामगारांना काही महिने पगार दिला. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जानेवारी १९९६ मधील आपल्या वार्षिक अभिभाषणाला त्यांना निमंत्रित केले. मात्र पुनर्बांधणीचे कर्ज आणि स्वस्त फ्लीसची स्पर्धा कारखान्याला पेलली नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि पुढे तिचे नियंत्रण फ्युअरस्टीन यांच्या हातून गेले. २००७ नंतर ती पोलारटेक या नावाने चालू राहिली आणि २०१९ मध्ये मिलिकेन या कंपनीने ती विकत घेतली. फ्युअरस्टीन यांचे २०२१ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. पेटंट न घेतल्यामुळे जगभर पसरलेल्या स्वस्त फ्लीसनेच मूळ कारखान्यापुढील स्पर्धा वाढवली, हा या कहाणीतील विरोधाभास आहे.

ऊब कशी मिळते

कोणतेही वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ते शरीराची उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करते. या कामी खरा रोधक असते स्थिर हवा. तिची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.०२५ वॅट असते, तर पाण्याची सुमारे ०.६ वॅट, म्हणजे जवळपास २४ पट. पॉलिएस्टर हे प्लास्टिक स्वतः हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता वाहून नेते. तंतूंचे काम एवढेच, की त्यांनी हवेला लहान लहान पोकळ्यांत अडकवून हलू देऊ नये. म्हणूनच उबदारपणा मुख्यतः कापडाच्या जाडीवर, म्हणजे अडवलेल्या हवेच्या थरावर अवलंबून असतो. तंतू कोणता आहे याचा प्रभाव त्यामानाने कमी.

फ्लीसची लव ताठ असल्याने ती दाबली गेली तरी बऱ्याच अंशी पुन्हा उभी राहते. पाठीवरील बोचक्याच्या पट्ट्याखाली पिसांचे जॅकेट जवळजवळ सपाट होते, फ्लीस त्यामानाने आपली जाडी टिकवते. याच ताठपणामुळे ते बोचक्यात मात्र फार जागा खाते. एवढीच ऊब देणारे पिसांचे जॅकेट मुठीएवढे गुंडाळता येते, फ्लीसचे नाही.

सच्छिद्रता हा चालणाऱ्यासाठी फ्लीसचा सर्वांत उपयुक्त गुण ठरतो. चढण चढताना शरीर विश्रांतीच्या कितीतरी पट उष्णता निर्माण करते. हवाबंद जॅकेटात अशा वेळी घाम साठतो आणि माथ्यावर थांबताच तोच घाम अंग गार पाडतो. फ्लीसमधून बाष्प सहज बाहेर पडते. घाम येईपर्यंत कपडे न काढण्याची चूक नवखे गिर्यारोहक हमखास करतात. ती फ्लीस पूर्णपणे निस्तरू शकत नाही, पण तिचा परिणाम सौम्य करते.

ओलावा

पॉलिएस्टर जवळपास पाणी शोषत नाही. सामान्य आर्द्रतेच्या हवेत त्याच्या तंतूत वजनाच्या सुमारे ०.४ टक्के पाणी असते. कापसात ते ७ ते ८ टक्के, तर लोकरीत १५ टक्क्यांच्या आसपास असते. फ्लीस पाण्यात बुडवले तर पाणी तंतूंच्या आत नव्हे, तर तंतूंमधल्या पोकळीत भरते. ते झटकून किंवा पिळून बरेचसे काढता येते, आणि उरलेले शरीराच्या उष्णतेने वाळते. सुती स्वेटशर्ट मात्र पाणी तंतूंच्या आत धरून ठेवतो, अंगाला चिकटतो आणि अडवलेल्या हवेच्या जागी पाणी आणून बसवतो.

हा फरक केवळ सोयीचा नाही. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू झाला असे मानतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या तापमानातही भिजलेले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की ही अवस्था येऊ शकते. सह्याद्रीतील पावसाळी भटकंतीत हे तिन्ही एकत्र असतात. गडमाथ्यावरच्या धुक्यात भिजलेल्या सुती टी-शर्टवर थांबून राहणे हे कोरड्या डिसेंबरातील पहाटेपेक्षा अधिक धोक्याचे असू शकते. अशा वेळी पावसाळी कोटाखाली पातळ फ्लीस असणे उपयोगी पडते.

तरीही ‘ओले फ्लीस उबदारच राहते’ हे विधान जसेच्या तसे घेऊ नये. निथळणाऱ्या फ्लीसची ऊब कोरड्या फ्लीसपेक्षा बरीच कमी असते. त्याचा लाभ इतकाच की ते लवकर सावरते. शिवाय पाऊस अडवण्याची कोणतीही क्षमता त्यात नसते. रिमझिमीत थेंब काही काळ लवेवर मोत्यांसारखे राहतात, त्यावरून अनेकांची फसगत होते.

वारा

फ्लीसची खरी उणीव वाऱ्यात कळते. ज्या पोकळ्यांतून घामाचे बाष्प बाहेर जाते, त्याच पोकळ्यांतून वारा आत येतो आणि अडवून ठेवलेली उबदार हवा उधळून लावतो. शांत खोलीत पुरेसे वाटणारे जॅकेट खिंडीत आल्यावर अंगावर नसल्यासारखे वाटते.

वाऱ्याचा परिणाम मोजण्यासाठी कॅनडा आणि अमेरिका २००१ पासून शीतवात निर्देशांकाचे एकच सूत्र वापरतात. त्यानुसार हवेचे तापमान शून्य अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला उणे ६ अंशांच्या आसपास थंडी जाणवते. दहा अंशांच्या पहाटे ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी चालवणाऱ्याच्या चेहऱ्याला ती सुमारे ६ अंशांची वाटते. महाराष्ट्रात निफाडसारख्या ठिकाणी पारा काही वेळा ५ अंशांच्याही खाली उतरतो, परंतु राज्यातील बहुसंख्य लोकांना खरी थंडी बोचते ती दुचाकीवर. आणि नेमक्या याच ठिकाणी नुसते फ्लीस कुचकामी ठरते. त्यावर साधा, न फुगलेला नायलॉनचा वारारोधक कोट घातला, तर पातळ फ्लीसही पुरते. युरोपातील सायकल शर्यतपटू घाटउतारावर सदऱ्याखाली छातीशी वर्तमानपत्र धरत, त्यामागेही हेच तत्त्व होते.

गिर्यारोहणात म्हणूनच फ्लीस हा मधला थर मानला जातो. त्वचेलगत घाम शोषून पसरवणारा पातळ थर, त्यावर हवा धरून ठेवणारे फ्लीस आणि सर्वांत बाहेर वारा व पाऊस अडवणारे कवच, अशी ही रचना असते. दोन थरांमध्ये बारीक पटल चिकटवलेले वारारोधक फ्लीसही मिळते. ते वारा अडवते, पण जड व किंचित ताठ असते आणि बाष्प तितक्या सहजतेने जाऊ देत नाही. फ्लीसची उणीव भरून काढताना त्याचा मूळ गुण काही अंशी गमवावा लागतो, हे या प्रकारात स्पष्ट दिसते.

आग आणि स्थिर विद्युत

पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळते. शेकोटीतून उडालेली एक ठिणगी फ्लीसला भोक पाडण्यास पुरेशी असते आणि हिवाळी मुक्कामांवरून परतलेल्या बहुतेक जॅकेटांवर अशी भोके आढळतात. मोठी ज्वाला लागल्यास धोका वेगळ्या प्रकारचा असतो. वितळलेले प्लास्टिक त्वचेला चिकटते, उष्णता धरून ठेवते आणि भाजण्याची जखम खोल करते. या कारणामुळे अमेरिकेच्या मरीन दलाने २००६ मध्ये इराकमध्ये तळाबाहेरील कामगिरीवर पॉलिएस्टर व नायलॉनचे खेळाडूंचे कपडे वापरण्यास मनाई केली होती. लोकर याउलट सहज पेट घेत नाही, वितळत नाही, आणि ज्वाला दूर झाली की बहुधा आपोआप विझते.

लव मोकळी असल्याने तंतूंभोवती हवा भरपूर असते, ही बाब आग पसरण्यासही अनुकूल ठरते. चूल, शेगडी, गॅस आणि फटाके यांच्याजवळ सैल बाह्यांचे फ्लीस घालणे टाळावे, असे म्हटले जाते ते यामुळेच. लहान मुलांच्या बाबतीत ही सूचना विशेष लागू पडते, कारण मऊपणामुळे फ्लीस त्यांच्यासाठीच सर्वाधिक घेतले जाते.

कोरड्या हवेत फ्लीस डोक्यावरून काढताना चटचट आवाज येतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. पाणी न शोषणाऱ्या तंतूंवरून विद्युतभार सहज निसटून जात नाही, हे त्याचे कारण. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र ज्वालाग्राही वाफा असलेल्या जागी असे कपडे काढणे-घालणे टाळले जाते.

लोकर, घोंगडी आणि पिसे

लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही, आणि ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही मुक्त करते. तिला घामाचा वासही कमी लागतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरच्या कपड्यांची तपासणी केली, तेव्हा पॉलिएस्टरच्या कपड्यांना सुती कपड्यांपेक्षा अधिक उग्र वास येतो आणि त्यांवर मायक्रोकॉकस गटातील जीवाणू अधिक वाढतात, असे त्यांना आढळले. अनेक दिवसांच्या भटकंतीत फ्लीस त्वचेलगत न घालता दुसऱ्या थरात घालण्याचे हेही एक कारण आहे. दुसरीकडे, जाडसर लोकर त्वचेला टोचते. ज्यांना ती सोसत नाही, त्यांच्यासाठी फ्लीस हा मोठा दिलासा असतो. लोकर जड असते, वाळायला वेळ घेते, तिला कसर लागते आणि चांगली मऊ लोकर महाग पडते.

महाराष्ट्रात थंडी-पावसाचे पारंपरिक वस्त्र घोंगडी. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीपासून ती विणली जाते. मेंढ्या पाळणारे धनगर आणि विणकाम करणारे सणगर यांचा तो जुना व्यवसाय. विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे ती ताठ आणि दाट होते. रानात बसलेल्या मेंढपाळाला घोंगडी वारा, पाऊस आणि शेकोटीची ठिणगी या तिन्हींपासून आडोसा देते, आणि नेमक्या या तिन्ही बाबतींत फ्लीस कमी पडते. पण घोंगडी घालून कोणी भराभर गड चढू शकत नाही, आणि ती भिजली की तिचे ओझे होते. घोंगडी मुख्यतः बसून राहणाऱ्याचे वस्त्र आहे आणि फ्लीस चालणाऱ्याचे. एकाला दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेता येत नाही.

पिसांचे जॅकेट वजनाच्या मानाने फ्लीसपेक्षा कितीतरी अधिक ऊब देते. उंच हिमालयातील मुक्कामात त्याला पर्याय नाही. परंतु ते ओले झाले की पिसे गोळा होतात आणि ऊब जवळजवळ संपते, महागही असते. ओल्या थंडीत आणि सतत हालचालीत फ्लीस, कोरड्या कडाक्यात आणि थांबल्यावर पिसे, अशी वाटणी गिर्यारोहकांत रूढ आहे.

सूक्ष्मतंतूंचे प्रदूषण

फ्लीसवरील सर्वांत गंभीर आक्षेप वापरणाऱ्याच्या आरोग्याचा नसून पाण्याचा आणि मातीचा आहे. धुलाईत घासले गेल्याने लवेतील तंतू तुटतात व पाण्याबरोबर वाहून जातात. मार्क अँथनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगभरातील १८ किनाऱ्यांवरील गाळ तपासला, तेव्हा त्यात वस्त्रांपासून आलेले कृत्रिम तंतू आढळले. एका कपड्यातून एका धुलाईत १९०० हून अधिक तंतू सुटू शकतात, असेही त्यांनी दाखवले. पुढील अभ्यासांत आकडे याहून बरेच मोठे निघाले. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईतून लाखो तंतू सुटतात असा अंदाज मांडण्यात आला. हे आकडे कापड, यंत्र आणि गाळणीची बारीकता यांनुसार फार बदलतात, म्हणून एका अभ्यासाची दुसऱ्याशी थेट तुलना करता येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या प्रयोगात कृत्रिम तंतूंची जॅकेटे यंत्रात धुण्यात आली. वरून कपडे टाकण्याच्या यंत्रात समोरून टाकण्याच्या यंत्रापेक्षा सुमारे ७ पट अधिक वजनाचे तंतू सुटले. भारतात पहिल्या प्रकारची यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरात असल्याने हा निष्कर्ष येथे महत्त्वाचा ठरतो. इटली व इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० मध्ये असेही दाखवले, की नुसते कपडे वापरतानाही हवेत तंतू सुटतात आणि त्यांचे प्रमाण धुलाईच्या तोडीचे असू शकते.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत यातील बहुतांश तंतू अडतात, पण ते नाहीसे होत नाहीत. ते गाळात साठतात आणि गाळ खत म्हणून शेतात गेला तर मातीत पोहोचतात. जेथे सांडपाणी प्रक्रियेविना नदीनाल्यात जाते, तेथे तर मधला हा अडसरही नसतो. फ्रान्सने २०२० मध्ये केलेल्या कायद्यात नव्या धुलाई यंत्रांना सूक्ष्मतंतू अडवणारी गाळणी बसवण्याची तरतूद आहे.

निगा

फ्लीस वारंवार धुण्याची गरज नसते. मधल्या थरात वापरलेले जॅकेट अनेकदा नुसते वाऱ्यावर टाकले तरी पुरते. धुताना ते उलटे करून, गार पाण्यात आणि सौम्य गतीने धुतात. कपडे मऊ करणारे द्रव वापरल्यास तंतूंवर थर बसतो आणि ओलावा बाहेर टाकण्याचा गुण मंदावतो. इस्त्री करू नये, कारण उष्णतेने लव चपटी होते आणि पुन्हा उभी राहत नाही. दोरीवर टाकलेले फ्लीस साध्या उन्हावाऱ्यात काही तासांत वाळते. बारीक जाळीच्या पिशवीत घालून धुतल्यास सुटणारे काही तंतू पिशवीतच राहतात. मात्र ते गोळा करून कचऱ्यात टाकावे लागतात. पिशवी मोरीत झटकली तर सारा खटाटोप वाया जातो.

पुनर्वापर

पॅटागोनियाने १९९३ मध्ये वापरलेल्या प्लास्टिक बाटल्यांपासून फ्लीस बनवण्यास प्रारंभ केला. एका जॅकेटासाठी सुमारे २५ बाटल्या लागतात असे तेव्हा सांगितले जाई. अशा कापडासाठी नवे खनिज तेल कमी लागते, हा त्याचा खरा लाभ. परंतु बाटलीपासून पुन्हा बाटली बनवता येते, तर बाटलीपासून बनलेले जॅकेट जुने झाल्यावर त्याचा पुन्हा तंतू करणे आजही कठीण आहे, कारण रंग, चेन, गुंड्या आणि मिश्र धागे वेगळे काढावे लागतात. शिवाय पुनर्वापरातून आलेले कापडही धुलाईत तंतू सोडतेच.

जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराचे भारतातील मोठे केंद्र पानिपत येथे आहे. मराठी वाचकांना १७६१ च्या लढाईमुळे परिचित असलेल्या या शहरात परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचा पुन्हा धागा करून स्वस्त ब्लँकेटे विणली जात आणि ती भूकंप-पुरासारख्या आपत्तींत मदत म्हणून जगभर जात. हलक्या, चटकन वाळणाऱ्या फ्लीसच्या ब्लँकेटांनी ही बाजारपेठ मोठ्या प्रमाणावर बळकावली आणि पानिपतमधील अनेक कारखाने स्वतःच फ्लीसकडे वळले. फाटलेला लोकरी कोट तेथे पुन्हा ब्लँकेट होऊ शकत होता. फाटलेल्या फ्लीस जॅकेटासाठी तितक्या प्रमाणावर चालणारी व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही.